निळे बाण

वीज गेली आणि वारा थांबला.

झालं एवढंच. वास्तुकलेच्या कॉलेजच्या मोठ्या वर्गात सर, निवृत्तीनंतरही दर वर्षी येत तसे, नेहमीच्या जागी, फळ्याच्या डाव्या अंगाला, लाकडी पट्ट्यांच्या झडपेकडे पाठ करून उभे होते. समोर दुसऱ्या कॉलेजातून ही इमारत बघायला आलेली मुलं-मुली बसली होती. सर त्यांना सांगत होते, की गच्चीवर तो विटांचा उंच मनोरा दिसतो ना, तो शोभेचा नाही. त्याचं तोंड वाऱ्याकडे आहे. वारा त्यात शिरतो, भिंतीच्या पोटातून खाली उतरतो, तळाशी पाण्याचं कुंड आहे त्याच्यावरून सरपटतो आणि इथून, माझ्या पाठीमागून, तुमच्याकडे येतो. हे सांगताना मानेवर ती ओळखीची गार फुंकर होती. तिच्या जोरावरच ते बोलत होते, असं म्हटलं तरी चालेल. एरवी चारचौघांत बोलायचं सरांच्या जिवावर येई, आणि सारा जन्म शिकवण्यात जाऊनही ते बदललं नव्हतं. तर तेवढ्यात दिवे गेले. आणि घोट गिळायला लागतो तितक्या वेळात मानेवरची फुंकरही गेली. वर्गात नेहमीसारखा गलका उठला, कोणी हसलं, कोणी मोबाइलचा उजेड छताकडे धरला. सर तसेच उभे राहिले. वाऱ्याला विजेशी काय देणंघेणं? तोंडी परीक्षेत विचारावा तसा हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि समोरचा विद्यार्थी गप्पच राहिला. योगायोग असेल. वारा काय, मधूनच पडतो. मग दिवे डोळे मिचकावत परत आले, पट्ट्यांमागे कोणी घसा साफ करावा तसा बारीक आवाज झाला, आणि वारा सुरू झाला.

सरांनी पुढचं वाक्य म्हटलं. ते वाक्य दर वर्षी इथेच यायचं, अंधारात जिन्याची शेवटची पायरी पायाला आपोआप सापडावी तसं. "या इमारतीला स्वतःचा श्वास आहे. वीज गेली तरी तो चालू राहतो." मुलांनी ते उतरून घेतलं. मागच्या बाकावरची एक मुलगी दिवे गेल्यापासून वहीनं वारा घेत होती. तिनं वही खाली ठेवली, उघडली आणि तिनंही ते लिहिलं.

प्राचार्यबाई सरांचीच विद्यार्थिनी. शिकत होती तेव्हा इतकी किडकिडीत, की सगळे तिला पेन्सिल म्हणत. आता ती अंगानं भरली होती, केस पांढरे झाले होते, साऱ्या कॉलेजला तिचा धाक होता. पण सरांच्या लेखी ती पेन्सिलच. पाहुणी मुलं गच्चीवर गेल्यावर तिनं सरांना आपल्या खोलीत बसवलं.

"चहा सांगू की सरबत?"

"काहीही सांग. त्या झडपेमागे काय आहे?"

घंटीकडे गेलेला तिचा हात तिथेच थांबला. "बिनसाखरेचाच ना, सर?"

"पेन्सिल."

ती खुर्चीत टेकली. समोरचे कागद तिनं सारखे केले, पुन्हा विस्कटले. "एसी आहे," ती म्हणाली. "बरीच वर्षं झाली आता. समोर ती काचेची इमारत उठली ना, तिनं वाऱ्याचं तोंडच फिरवलं. मनोऱ्यातून वाऱ्याऐवजी खालच्या गाड्यांचा धूर यायला लागला. मग कबुतरं. मग परीक्षा चालू असताना मुलं चक्कर येऊन पडली. शेवटी मनोरा वरून बुजवला, आणि आत..."

"आत एसी बसवलात."

"पण पट्ट्यांना हात लावू दिला नाही हं सर. एकही पट्टी बदललेली नाही." हे ती जरा ताठ होऊन म्हणाली.

"मी दर वर्षी येतो इथे."

"तेच तर. पहिल्या वर्षी तुम्ही आलात तेव्हा मी सांगणारच होते. तर तुम्ही त्या झडपेसमोर उभे राहिलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, आज वारा काय सुरेख आहे. माझी जीभ टाळ्याला चिकटली. पुढच्या वर्षी आणखी अवघड. एकदा सांगायचं राहिलेलं दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं सांगायचं?" ती थांबली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि खोटं कशाला बोलू, तुम्ही येणार असलात की आम्ही तो जरा जोरात सोडतो."

सर हसले. का हसले ते त्यांना कळलं नाही.

"रागावलात?"

"नाही. म्हणजे, बहुतेक नाही."

"तुम्हीच शिकवलंय, सर. टिकणं वेगळं आणि तगणं वेगळं. टिकणारं जसंच्या तसं राहतं आणि एक दिवस कडकन मोडतं. तगणारं वाकतं. ही इमारत पाडायला निघाले होते, ठाऊक आहे? आम्ही वाकवली म्हणून उभी आहे."

वाक्य त्यांचंच होतं, पहिल्या वर्षाला पहिल्या तासाला सांगायचं. आपलीच शिडी घेऊन कोणी आपल्याच माळ्यावर चढावं, आणि खालून आपण ती धरून उभं राहावं, तसं त्यांना झालं. चहा आला. त्यात चांगली दोन चमचे साखर होती. सरांनी तो मुकाट्यानं पिऊन टाकला.

बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं. बस सोडून सर चालत निघाले. चाललं की विचार एका ओळीत येतात असा त्यांचा अनुभव, पण आज ते ओळीत यायला तयार नव्हते. रस्त्याच्या कडेनं काचेच्या दारांची दुकानं. एखादं दार उघडे आणि घोट्यांवरून गार हवेचा लोट जाई, जणू कोणी बादलीभर पाणी ओतलं. चार पावलांवर भिंतीतल्या जाळीतून तापलेला भपकारा मांडीवर येई. पूर्वी सर हे चालता चालता वेगळं करीत, धान्यातले खडे वेचावेत तसं: हा माणसानं केलेला, हा गाडीचा, हा खरा. आज चौकात उभं राहून त्यांनी डोळे मिटले आणि गालाला काहीतरी लागलं, ते काय होतं हे त्यांना सांगता येईना. पेन्सिल खोटं बोलली याचं त्यांना फार वाटत नव्हतं. लोक प्रेमापोटी काय काय बोलतात. मान खोटं बोलली, याचं काय? स्वतःची मान. तिला एवढी वर्षं यंत्राचा वारा आणि मनोऱ्याचा वारा यांतला फरक कळला नाही, की कळला होता आणि तिनंही सांगितलं नाही, पेन्सिलसारखंच, सरांना वाईट वाटू नये म्हणून? एका सायकलवाल्यानं घंटी वाजवून त्यांना बाजूला केलं. "काका, झोपायचं तर घरी," तो म्हणाला, आणि गेलाही.

खिशात धागा होता. पेन्सिलीच्या तुकड्याला गुंडाळलेला वीतभर रेशमी धागा, बायकोच्या शिवणाच्या डब्यातला. सरांची सगळी कीर्ती म्हणजे तो धागा. मुलं मागे त्यांना धागेवाले सर म्हणत आणि पुढेही म्हणत. कुठल्याही खोलीत शिरलं की ते पेन्सिल आडवी धरीत, धागा खाली सोडीत आणि तो कुठे झुकतो ते बघत. अंगावर विश्वास ठेवू नका, ते शिकवीत, अंग लबाड असतं, त्याला जे हवं ते लागतं; धाग्याला काही हवं नसतं. हे शिकवताना त्या मोठ्या वर्गात मात्र त्यांनी कित्येक वर्षांत धागा काढला नव्हता. आपल्याच घरात शिरताना कोणी दार वाजवतं का? आजसुद्धा दिवे गेले तेव्हा हात खिशाकडे गेला होता. गेला होता हे त्यांना आता पक्कं आठवत होतं. आणि तो परत आला होता.

चूक असेल तर ती निळ्या पेन्सिलीपासूनची असेल. सर शिकत होते तेव्हा त्यांनी एका दवाखान्याचं छेदचित्र काढलं होतं, म्हणजे इमारत सुरीनं उभी कापली तर आतून कशी दिसेल ते. भिंती, छपरं, खिडक्या, सगळं मापात. त्यांच्या प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर ढकलून ते बघितलं आणि म्हणाले, "हे मेलेलं आहे रे." मग कानामागची निळी पेन्सिल काढून त्यांनी एका खिडकीतून बाण आत आणला, खोलीभर लाटेसारखा फिरवला आणि छताच्या फटीतून बाहेर काढला. "हा वारा. आता जिवंत झालं." परीक्षकांनी त्या बाणाचे भरभरून गुण दिले. तेव्हापासून सर बाण काढत आले. किती सुंदर बाण काढायचे ते. मुलं त्यांचे बाण गिरवीत. इमारतीत लोक यायच्या आधी, विटा यायच्या आधी बाण यायचे. आणि इमारत उभी राहिली की सर आत जाऊन, जिथे बाण काढला होता नेमके तिथे उभे राहायचे, आणि वारा लागायचा. लागायचाच. न लागून कुणाला सांगतो? एकदा पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं होतं, सर, वाऱ्याला हे बाण दिसतात का? वर्ग हसला होता. सरही हसले होते. तिला त्यांनी काय उत्तर दिलं होतं ते आठवेना, आणि तेच आठवणं आज फार निकडीचं आहे असं त्यांना वाटू लागलं.

कारण उद्या सकाळी घरी एसीवाला यायचा होता.

गेल्या उन्हाळ्यात बायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असताना खाली बसली. पडली नाही, बसली. हळूहळू, ओट्याला धरून, आणि मग तिला उठता येईना. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, उष्मा सोसायचा नाही, एसी लावून घ्या. सरांनी खिडक्यांना ओले पडदे लावले. पहाटे उठून सगळ्या झडपा उघडायच्या, उन्हं वर आली की बंद करायच्या, संध्याकाळी पुन्हा उघडायच्या, असं घड्याळ लावून घेतलं. हे घर त्यांनी स्वतःसाठी बांधलेलं. पोकळ भिंती, खोल छज्जे, मधोमध छतापर्यंत गेलेली वाऱ्याची वाट. त्याचं छेदचित्र अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आहे, निळ्या बाणांसकट. न बघितलेल्या शहरांतली मुलं ते परीक्षेत काढतात. त्या घरात एसी म्हणजे दारूबंदीवाल्याच्या कपाटात बाटली सापडावी तसं. या उन्हाळ्यात मुलीनं ऐकलं नाही. तिनं एसी घेतला, माणूस ठरवला आणि म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा. सकाळी घरातून निघताना सरांचं उत्तर ठरलेलं होतं. सौम्यपणे, पटेल अशा शब्दांत, नाही.

आणि आता त्यांना जागा घेतली तो दिवस आठवत होता. तिथे तेव्हा काहीच नव्हतं, नुसतं गवत आणि पलीकडे उघडं माळरान. सरांनी काठी रोवून तिला धागा बांधला होता आणि धागा रस्त्याकडून माळाकडे सरळ आडवा उडाला होता, अगदी बोटानं दाखवल्यासारखा. म्हणजे वारा होता. म्हणजे तेव्हा तरी खरं होतं. बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती, तिचे केस तोंडावर येत होते आणि ती ते एका हातानं मागे सारत होती. रस्त्याकडे तोंड करून उभी होती ती, रिक्षा थांबली आहे ना ते बघत. रस्त्याकडे तोंड, आणि केस तोंडावर. सर फुटपाथच्या कडेला थांबले. केस पुढे येत असतील तर वारा मागून होता. मागून म्हणजे माळाकडून. आणि घराची सगळी तोंडं तर रस्त्याकडे आहेत. त्यांनी पुन्हा आठवून पाहिलं. धागा एकीकडे उडत होता आणि केस दुसरीकडे. दोन्ही तितकंच लख्ख दिसत होतं. यातलं एक त्यांनी नंतर काढलेलं असणार.

घरी मुलगी आलेली होती. ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फळ कापत होती आणि तिची आई पलंगावर उशीला टेकून, मुखपृष्ठ फाटलेली रहस्यकथा वाचत होती. दिवसाला एक या हिशेबानं ती त्या वाचायची, आणि खुनी कोण ते आधी शेवटचं पान वाचून घ्यायची. नाहीतर म्हणे जीव टांगणीला लागतो.

"केवढे लाल झालात," बायको म्हणाली. "बस नव्हती?"

"चाललो."

"या वयात? आणि मला सांगता सावलीत बस."

मुलगी हात पुसत दारात आली. "बाबा, मग? त्याला फोन करायचाय मला. उद्या नाही आला तर पंधरा दिवस येणार नाही, सगळ्या गावाला एसी हवेत आत्ता."

"कुठल्या भिंतीला म्हणतोय तो?"

"ही एकच मोकळी आहे. बाकी सगळीकडे तुमच्या झडपा." तिनं पलंगाच्या उशाकडची भिंत दाखवली. तिच्यापलीकडे हातभर गल्ली आणि मग शेजारच्या नानांचा सज्जा. नाना म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, एकटा जीव. रोज संध्याकाळी ते सज्ज्यात खुर्ची टाकून बसत, कारण सगळ्या गल्लीत वाऱ्याची म्हणून तेवढीच एक जागा, असं तेच सांगत.

"गरम हवा नानांच्या तोंडावर जाईल," सर म्हणाले.

"बाबा."

"मी पहिल्या तासाला हेच सांगायचो. गारवा तयार करता येत नाही. उष्णता नुसती दुसऱ्याच्या दारात ढकलता येते."

"माहितीय. बारशापासून ऐकतेय." तिनं हातातलं फडकं खुर्चीवर टाकलं. "आई काय तुमचा प्रबंध आहे का? सिद्ध होईपर्यंत तिनं थांबायचं? मागच्या वर्षी ओट्यापाशी बसली ती. या वर्षी उठली नाही तर कुठल्या पुस्तकात छापणार ते?"

"हळू बोल गं," बायको म्हणाली. "खुनी सापडायचाय माझा."

"तो आधीच वाचून ठेवलायस तू. आणि तू तर बोलूच नकोस. सांग ना बाबांना, औषधाच्या दुकानात काय करतेस ते."

"काय करते?" सर म्हणाले.

बायकोनं पुस्तकात बोट घालून ते मिटलं. मुलगीच म्हणाली, "रोज दुपारी औषधं आणायला म्हणून जाते ना, तिथे एसी आहे. ही रांगेत उभी राहते आणि मागच्याला म्हणते, तुम्ही व्हा पुढे. मग त्याच्या मागच्याला म्हणते, तुम्ही व्हा पुढे. दुकानदार मला म्हणाला, तुमच्या आई फार सज्जन आहेत हो. आता त्यानं तिला स्टूल दिलंय."

सरांना हसू आलं आणि गेलं. दुपारी ती एवढा वेळ कुठे असते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, असं नाही. विचारलं होतं, ती गर्दी होती म्हणाली होती. ते पटलंही होतं. "तू मला बोलली नाहीस," ते म्हणाले.

"काय बोलायचं? तुम्ही पहाटे उठून झडपा उघडायचात. पाय न वाजवता. मी जागीच असायचे." तिनं पांघरुणाची घडी नीट केली. "मला काही नाही. तुम्ही म्हणाल तसं."

मुलीनं वर छताकडे बघितलं. "हे बघा. हे एवढं एकच वाक्य आहे या घरात. मी अर्ध्या तासानं येते, भाजी घेऊन. तोवर ठरवा." चपला घालताना ती पुन्हा वळली. मघाचा राग उतरला होता. "बाबा, घर काही पडत नाही एका भोकानं," ती म्हणाली. तिला वाटलं असावं की हा धीर देण्याचा प्रकार आहे.

ती गेली. उन्हं उतरली होती. सरांनी सगळ्या झडपा उघडल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी, पुस्तकातल्या चित्रात ज्या जागेवरून सर्वांत जाड बाण जातो तिथे, ते उभे राहिले. अंगाला काही लागतंय का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. त्याचं काय ऐकायचं? त्यांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, आडवा धरला आणि धागा खाली सोडला. धागा हलला. मग धागा दुसरीकडे हलला, आणि परत इकडे, आणि त्यांच्या लक्षात आलं की धागा हलत नाही, हात हलतोय. बारीक, सारखा, आतून कोणी मोटार चालू ठेवावी तसा. हे केव्हापासून? ते अक्षर वाकडं येऊ लागलं तेव्हापासून असेल. चहा बशीत सांडतो तेव्हापासून. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं, तर दोन्ही हात हलू लागले.

"काय करताय?" बायको म्हणाली.

"तू जागा घेतली त्या दिवशी उभी होतीस ना माळावर, तेव्हा तुझे केस कुठल्या बाजूला उडत होते?"

"मला काय ठाऊक? पोरगी कडेवर ओरडत होती, रिक्षावाला निघून जातो म्हणत होता. केसांकडे बघायला आरसा होता का तिथे?" मग तिचा आवाज बदलला. "काय झालं कॉलेजात?"

त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, धाग्याकडे बघत, वीज गेल्यापासून गोड चहापर्यंत. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, निदान औषधाच्या दुकानाची फिट्टंफाट म्हणून तरी. ती हसली नाही. "पेन्सिल गुणाची आहे," एवढंच ती म्हणाली.

"हे धर जरा. माझा हात हलतो."

तिनं पुस्तक बाजूला ठेवून पेन्सिलीचा तुकडा घेतला. तिचा हात स्थिर होता. सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवणारा हात. धागा सरळ खाली लोंबला, ओळंब्यासारखा. सर एक पाऊल मागे सरले, गुडघे किंचित वाकवून त्यांनी डोळे धाग्याच्या पातळीला आणले. काहीच नाही. खिडक्या सताड उघड्या, झडपा उघड्या, छतापर्यंतची वाट मोकळी, आणि धागा मेल्यासारखा सरळ. आणि हा तर नानांचा सज्ज्यात वारा घेत बसण्याचा प्रहर. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं आणि त्यांनी नजर काढून कपाटाच्या आरशाकडे नेली.

"हलला," बायको म्हणाली. "बघा, बघा, हलतोय की."

धागा खरंच हलत होता. झडपेपासून छताकडे, अगदी बाणाच्या दिशेनं, हलकेच झुकून. आणि आरशात बायको दिसत होती. मान पलीकडे वळवलेली, जणू खिडकीतून काही बघतेय, आणि ओठ किंचित पुढे, गरम दूध निववताना करतात तसे. तिची फुंकर इतकी बेताची होती, की धागा सोडून कुणाला कळली नसती. तेवढीही तिला पुरली नाही. ती थांबली, तोंड मिटून नाकानं श्वास घेतला, छाती वरखाली झाली, आणि तिनं पुन्हा ओठ पुढे केले.

सर आरशात बघत राहिले. या घरात ती किती वर्षं फुंकर घालतेय, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग आलं की नाही, एवढी नसेल, आजच असेल. आणि मग की पहिल्या दिवसापासून असेल, माळावरसुद्धा. आणि यातलं कुठलंच आता तपासता येणार नाही. बोलायचं होतं ते पुष्कळ होतं. त्यातलं एकही वाक्य असं नव्हतं, की जे बोलल्यावर ती फुंकर तिच्याकडेच उलटून जाणार नाही.

"पुरे," ते म्हणाले. "दमशील."

तिनं वळून त्यांच्याकडे बघितलं, मग आरशाकडे. पेन्सिलीचा तुकडा तिनं पांघरुणावर ठेवला.

सरांनी तो उचलला, धागा सोडवून खिशात टाकला आणि ते उशाकडच्या भिंतीपाशी गेले. बोटाच्या पेरानं त्यांनी भिंत ठोठावली. ही भिंत त्यांची होती. कुठे वीट आहे आणि कुठे पोकळी, ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, आणि ते सांगताना मात्र ते चुकणार नव्हते. ढप, ढप, टक. जिथे कमीत कमी विटा फुटतील तिथे त्यांनी बशीएवढा गोल काढला. हात हलत होता म्हणून गोल बटाट्यासारखा आला. "भोक बाहेरच्या बाजूला जरा उतरतं हवं," ते म्हणाले, "नाहीतर पाणी आत येतं. त्याला सांगायला पाहिजे." आणि मग सवयीनं हात पुढे गेला, आणि गोलातून त्यांनी एक बाण काढला. आतून बाहेर. तो मात्र नेहमीसारखा आला, लाटेचा, टोकाशी निमुळता, मुलं गिरवीत तसा.

"बाण कशाला आता?" बायको म्हणाली. तिनं पुस्तक उघडलं होतं, पण उलटं धरलं होतं.

बाण भिंतीत शिरून जिथे निघत होता तिथे नाना बसलेले असणार. सरांनी बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नाना होतेच, खुर्चीत, सदऱ्याची बटणं सोडून, डोळे मिटून. लोकांच्या घरात डोकावून बोलायचं सरांच्या जिवावर आलं. नाना सुखात दिसत होते. उद्या एसी बसला तरी त्यांना कदाचित कळणारही नाही. भिंतीमागून उकाडा येतोय म्हणतील, यंदा ऊन फार म्हणतील. न सांगितलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पेन्सिललाही असंच वाटलं असेल.

"नाना," सर म्हणाले.

"बोला सर."

"उद्यापासून खुर्ची जरा त्या टोकाला घ्यावी लागेल तुम्हाला. आम्ही एसी बसवतोय. तिचं हृदय... म्हणजे डॉक्टरांनी सांगितलंय. गरम हवा सगळी इथेच येईल, तुमच्या अंगावर."

नानांनी डोळे उघडले. ते पोस्टात असताना वाईट तारा वाचून दाखवत तेव्हा असेच बघत असावेत. "तुम्ही? एसी?" ते म्हणाले. मग मान हलवून, "बरं केलंत सांगितलंत ते. वहिनींना बरं वाटू दे." त्यांनी खुर्ची तिथल्या तिथे थोडी सरकवून बघितली, पुन्हा होती तिथेच आणली आणि पाय लांब केले. "उद्याचं उद्या. आज घेतो बसून. आज वारा काय सुरेख आहे, नाही?"

सरांनी खिडकीतून हातही बाहेर काढला, कोपरापर्यंत, आणि पंजा उघडून धरला. गल्लीत कोणाच्या तरी दोरीवर एक टॉवेल वाळत होता. तो हलत होता की त्यांना तसा दिसत होता, ते या अंतरावरून सांगणं कठीण होतं. बोटांना काहीतरी लागत होतं.

"असेलही," सर म्हणाले.